मीटिंग संपली, निर्णय राहिला!

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी म्हणजे पास होण्यापुरता विषय. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. हा लेख इंग्रजी विभागातही देता आला असता, पण ज्या मैत्रिणीमुळे तो सुचला तिचा आग्रह होता, "लिहायचं तर मराठीत लिही." म्हणून हे धाडस!

गेल्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलची मेस मीटिंग झाली. वेळ साडेआठची, सुरू झाली सव्वानऊला, संपली पावणेबाराला. पहिला तास पोळ्या जाड की पातळ यावर गेला. मग कुणीतरी गॅदरिंगच्या हिशोबाचा विषय काढला आणि दोन गटांत जुंपली. सगळ्या जांभया द्यायला लागल्यावर शेवटचा विषय आला. रात्रीची मेस नऊऐवजी आठला बंद करायची का? हात वर करा! बावीस विरुद्ध नऊ. पास! बावीसमध्ये माझाही हात होता. मला लवकर जेवायला आवडतं, बस्स, एवढंच कारण.

पुढच्या रविवारी माझी रूममेट गावाहून परत आली. तिचं गाव धानोरा तालुक्यात. आधी गडचिरोली, तिथून मूलमार्गे चंद्रपूर. होस्टेलला पोचली तेव्हा साडेआठ झाले होते आणि मेसला कुलूप. बिस्किटाचा पुडा खाऊन झोपायला लागली. मी म्हटलं, "अगं, मीटिंगमध्ये बोलायचं ना!" ती म्हणाली, "तुमी लोक बोलू देता कुठं? अन् विषय काय आहे, ते तर हात वर करतानाच समजलं. आमच्याकडे मेंढ्याला असं नाही करत."

मेंढा (लेखा) हे नाव मी तोपर्यंत फक्त जनरल नॉलेजमध्ये वाचलेलं. मग तिला विचारलं, लायब्ररीत शोधलं आणि थक्क झाले. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावरचं जेमतेम पाचशे वस्तीचं हे गोंड आदिवासी गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं देशातलं हे अगदी पहिल्या गावांपैकी एक. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती दिला. 2013 साली तर गावाने ग्रामदान कायद्याखाली आपापली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. घरची वाटणी करताना सख्खे भाऊ भांडतात, आणि इथे अख्खं गाव एकमताने जमीन देतं!

हे जमलं कसं? देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे दोन गोष्टी रुजल्या. पहिली, अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा. गावात अभ्यास गट असतो. त्यात कुणीही बसावं, बाहेरचा जाणकारही चालतो. कायदा काय, हिशोब काय, फायदे-तोटे काय, यावर तिथे मनसोक्त चर्चा होते. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. तो फक्त ग्रामसभा घेते, आणि ती विषय समजून आलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एखाद्याला पटत नसेल तर त्याला हरवायचं नाही. विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं.

तुम्ही म्हणाल, मग तर मीटिंग जन्मभर चालेल! मलाही तसंच वाटलं. पण इंजिनिअरसारखा हिशोब करा. आमच्या मीटिंगला एकतीस जणी, अडीच तास, म्हणजे साडेसत्त्याहत्तर मनुष्यतास. त्यातून निघालेला निर्णय आठवड्यात मोडला, कारण नऊ जणी हरल्या होत्या, पटल्या नव्हत्या. घाईचं बहुमत घड्याळात स्वस्त दिसतं, पण त्याचं व्याज नंतर भरावं लागतं.

हा रोग काही फक्त होस्टेलचा नाही. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकाने 1950 च्या दशकात एका काल्पनिक कमिटीची गंमत लिहिली होती. कमिटी अणुभट्टीचा एक कोटी पौंडाचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकल स्टँडच्या 350 पौंडांवर पाऊण तास वाद घालते. कारण सोपं आहे. अणुभट्टी कुणाला कळत नाही, सायकल सगळ्यांना कळते. आमच्या पोळ्या म्हणजे तो सायकल स्टँड! अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 साली वरिष्ठांच्या मीटिंगमधलं पॉवरपॉइंट बंद केलं. आधी सगळ्यांनी लेखी टिपण शांतपणे वाचायचं, मगच बोलायचं. म्हणजे आधी अभ्यास, मग चर्चा. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं गाव हे कधीपासून करतंय, आणि आम्ही मॅनेजमेंटचे धडे अमेरिकेतून मागवतो!

अर्थात प्रत्येक गोष्टीला सर्वसहमती लागत नाही. प्लांटमध्ये बॉयलर बिघडला तर शिफ्ट इंजिनिअरने ग्रामसभा भरवू नये. पण ज्या निर्णयाने दुसऱ्याचं ताट, झोप किंवा पैसा जातो, तिथे त्याला विचारलंच पाहिजे.

आम्ही हे करून पाहिलं. तिघींचा अभ्यास गट केला, त्यात माझी रूममेट. मेसवाल्या काकांना पहिल्यांदाच विचारलं, "काका, आठचा आग्रह का?" तेव्हा कळलं की भांडी घासणाऱ्या मावशींना रात्री घरी जायला ऑटो मिळत नाही. म्हणजे मावशींचं कारण खरं, आणि गावाहून येणाऱ्या मुलींची भूकही खरी. हे आमच्या अडीच तासांत एकदाही निघालं नव्हतं! एका पानावर सगळं लिहून तीन दिवस आधी नोटीस बोर्डावर लावलं. मीटिंगमध्ये फर्स्ट इयरच्या मुली आधी बोलल्या, सीनियर शेवटी. ठरलं असं: मेस आठला बंद, पण सातच्या आत कळवलं तर ताट झाकून ठेवायचं आणि ते जिचं तिने घासायचं. एकही हात वर करावा लागला नाही. वेळ लागला पस्तीस मिनिटं.

दोन-तीन वर्षांत आपण नोकरीला लागू. नोकरीतल्या सीनियरना फोन केला की बहुतेकांचं रडगाणं एकच, दिवस मीटिंगमध्ये जातो आणि काम रात्री करावं लागतं. ती सवय आपण बरोबर न्यायची की इथेच सोडायची? आदरणीय सरांना आणि मॅडमनाही नम्र विनंती, एखादी मीटिंग अशी घेऊन बघा. विषय आधी कळवा, आणि मागच्या बाकावर गप्प बसलेल्याला आधी विचारा.

कारण तो गप्प आहे याचा अर्थ त्याला मान्य आहे, असा होत नाही. कदाचित तो उपाशी असेल.