खांद्याची लय

मराठीत आपण जबाबदारी खांद्यावर घेतो, खांद्याला खांदा लावतो, गेलेल्याला खांदा देतो; पण हाताविषयी बोलताना मात्र खांदा विसरतो. कृत्रिम हाताच्या चर्चेतही हेच घडते. बोटे कशी मिटतात याचे कौतुक होते. हात जिथून निघतो त्या सांध्याची चौकशी क्वचितच होते. आम्ही भाषेचे शिक्षक या विषयात डोकावलो ते एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे लय.

दंड वर उचलला की खांद्याचे पातेही सोबत फिरते. शरीरशास्त्रात या सहगतीला लयच म्हणतात. १९४४ साली व्हर्न इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे प्रमाण साधारण दोनास एक असे मांडले. हात १८० अंश वर जातो, त्यांतले सुमारे १२० अंश दंडाच्या सांध्याचे आणि ६० पात्याचे.

जुन्या पद्धतीच्या कृत्रिम हातात विरुद्ध बाजूचा खांदा पुढे घेतला की तार ताणली जाते व आकडा उघडतो. म्हणजे यंत्राची भाषा माणसाने शिकायची. २००२ साली शिकागोत टॉड काइकेन यांच्या पथकाने हे उलटवले. हाताकडे जाणाऱ्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या. मूठ मिटण्याचा विचार केला की छातीचा स्नायू आकसतो आणि यंत्र तो संकेत वाचते.

मात्र संकेत वाचणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे. कोणता स्नायू कोणत्या हाडाला किती ओढतो, हा संदर्भ हवा. तो खांद्याच्या गणिती प्रतिकृतीतून मिळतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे फ्रान्स व्हान डर हेल्म यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेली प्रतिकृती हे त्याचे ठळक उदाहरण.

आमचा आग्रह येथेच आहे. दोनास एक ही सरासरी होय. माणसागणिक, भारागणिक, हात किती वर गेला त्यानुसार ती बदलते. वृत्ताचा लगक्रम फळ्यावर मांडता येतो, म्हणणाऱ्याचा श्वास मांडता येत नाही, हे आपण वर्गात रोज अनुभवतो. हात गमावलेल्या खांद्यावरचा भार बदललेला असतो, स्नायूही बदललेले असतात. त्याच्यावर धडधाकट शरीराची लय लादली, तर माणूस पुन्हा यंत्राचाच विद्यार्थी होईल. प्रतिकृती अवश्य घडवावी. पण तिची अखेरची दुरुस्ती हात वापरणाऱ्याच्या शब्दावरून व्हावी.