इंजिनाचं माहेर

मुलांनो, मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

आमची शाळा चाळीसगाव आणि पाचोऱ्याच्या मधल्या एका गावात आहे. मुंबई-भुसावळ रेल्वेमार्ग गावाच्या बरोबर मधून जातो. शाळा अलीकडे, अर्धी वस्ती पलीकडे. त्यामुळे फाटक बंद असलं की निम्मा वर्ग उशिरा येणार, हे मी धरूनच चालते. पण चौथीतला एक मुलगा फाटक उघडल्यावरसुद्धा उशिराच यायचा. एक दिवस परिपाठ संपला, हजेरी झाली आणि मग हे महाशय दारात.

"का रे, आज काय झालं?"

"बाई, बोंडामुंड्याचं इंजिन होतं."

अख्खा वर्ग खो खो हसला. मलाही वाटलं, चांगलीच थाप ठोकतोय. "बोंडामुंडा? असं कुठं गाव असतं का?" असं म्हणून मी त्याला दाराजवळ उभं केलं. तो रडला नाही, वादही घातला नाही. "आहे बाई," एवढंच म्हणाला.

त्याच शनिवारी मी चाळीसगावच्या फलाटावर गाडीची वाट बघत होते. शेजारच्या रुळावर एक मालगाडी थांबलेली. वेळ जात नव्हता म्हणून इंजिनावरची अक्षरं वाचायला लागले आणि गप्पच झाले. ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, बोंडामुंडा! घरी येऊन नकाशा काढला. ओडिशात, राउरकेल्याला लागूनच, हे गाव आहे. गाव कसलं, मालगाड्यांचं मोठं यार्ड आणि इंजिनांची शेड असलेलं नावाजलेलं ठिकाण आहे. आमच्या फाटकापासून हजार किलोमीटरच्याही पलीकडे!

सोमवारी वर्गासमोर उभी राहून म्हणाले, "परवा मी चुकले. बोंडामुंडा आहे. हा खरं बोलत होता." शिक्षकाला हे वाक्य बोलायला फार जड जातं बरं का. पण त्या दिवशी भूगोलाचा तास इतका रंगला, की मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना.

आता तुम्ही विचाराल, इंजिनावर गावाचं नाव कशाला? सांगते. आपल्या देशात रेल्वेचं प्रत्येक इंजिन कुठल्या तरी एका शेडचं असतं. ती शेड म्हणजे त्याचं माहेर. इंजिन कितीही लांब भटकलं, तरी ठरावीक दिवसांनी त्याला माहेरी जावंच लागतं. तिथं त्याची चाकं, ब्रेक, मोटारी तपासतात, झिजलेलं बदलतात, तेलपाणी करतात. छोटीमोठी तपासणी वाटेतही होते, पण खरी देखभाल घरची. म्हणून शेडचं नाव आणि रेल्वेच्या विभागाची आद्याक्षरं इंजिनावर रंगवलेली असतात. कुणी पुढे लिहितं, कुणी बाजूला. कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीतही. भुसावळ, कल्याण, पुणे, नागपुरातली अजनी ही आपल्या ओळखीची नावं. ती दिसली की आमची मुलं "घरचंच!" म्हणून सोडून देतात. पण तुघलकाबाद, इटारसी, भिलाई, काझीपेठ, विजयवाडा, इरोड असं काही दिसलं की आरडाओरडा!

प्रवासी गाडीच्या इंजिनाचं असं नसतं. कुठली गाडी कधी न्यायची आणि कुठली घेऊन परत यायचं, हे बरंचसं आधी ठरलेलं असतं. मालगाडीला मात्र वेळापत्रकाचं बंधन कमी. कोळसा भरला, निघा. तो उतरवला, आता सिमेंट घ्या. सिमेंट पोचलं, तिथून रिकाम्या वाघिणी ओढत तिसरीकडे जा. (वॅगनला मराठीत वाघीण म्हणतात. 58 वाघिणी एकामागे एक धडधडत निघाल्या की ते नाव शोभतंसुद्धा.) विभागाच्या हद्दीवर प्रत्येक वेळी इंजिन सोडायचं, दुसरं जोडायचं, यात वेळ जातो आणि सोडलेलं इंजिन नुसतं उभं राहतं. त्यापेक्षा तेच इंजिन पुढे जाऊ दिलेलं बरं. म्हणून ओडिशाचं इंजिन खानदेशात उगवतं.

मी तुमच्याएवढी होते तेव्हा मात्र मुंबईकडे असं सहज घडत नसे. मुंबईत विजेची गाडी पहिल्यांदा 1925 साली धावली, ती 1,500 व्होल्टच्या डीसी विजेवर. बाकीच्या देशात पुढे 25,000 व्होल्टची एसी वीज आली. आमच्या भुसावळच्या बाजूलाही तीच. दोन्हींचा सांधा इगतपुरीला. एसीचं इंजिन तिथं थांबायचं आणि पुढे घाट उतरायला डीसीचं इंजिन लागायचं. मुंबईला जाताना आमची गाडी इगतपुरीत चांगली रेंगाळायची, आणि आम्ही त्या वेळात वडे खायचो. इंजिन बदलतंय म्हणून वडे मिळतायत, एवढीच आमची रेल्वेची जाण! हळूहळू मुंबईची तारसुद्धा एसी झाली. 2016 पर्यंत लोकलच्या सगळ्या मार्गांवर हे काम उरकलं. आता तर देशातल्या जवळजवळ सगळ्याच ब्रॉडगेज मार्गांवर त्याच विजेची तार आहे. म्हणून इंजिनांना सगळीकडचं दार उघडं झालं आणि तुम्हाला बघायला पाहुणेही जास्त मिळतात.

अमेरिकेत याची गंमत आणखी वेगळी. तिथं मालगाड्या चालवणाऱ्या मोठमोठ्या खासगी कंपन्या आहेत आणि रूळही ज्याचे त्याचे. युनियन पॅसिफिकची इंजिनं पिवळी, बीएनएसएफची नारिंगी, सीएसएक्सची निळी-पिवळी. पूर्वेकडच्या एखाद्या गावात रोज निळीच इंजिनं बघणाऱ्या मुलाला एक दिवस गावातल्या साध्याशा मालगाडीला नारिंगी इंजिन जोडलेलं दिसतं. झालं, त्याची दिवाळी! तिथले हौशी लोक अशा परक्या इंजिनाला 'फॉरेन पॉवर' म्हणतात, इंजिन त्याच देशातलं असलं तरी! मग दुसऱ्याचं इंजिन वापरल्याचे पैसे? तिथं हिशेब ठेवतात तो अश्वशक्ती आणि तासांचा. तुमच्या इंजिनाने आमच्याकडे इतकं काम केलं, तर आमचं इंजिन तुमच्याकडे तितकंच काम करून देईल. हे वाचल्यावर मला एकदम आपली सावड आठवली. आज तुमच्या शेतात आमचे बैल, उद्या आमच्या शेतात तुमचे. तेच की हे!

आमच्या वर्गाने त्या सोमवारनंतर एक वही केली. तारीख, वेळ, इंजिनाचा नंबर, माहेर आणि मागे काय माल आहे, असे रकाने आखले. गाडी धडाडत निघून जाते, एकट्याला सगळं टिपता येत नाही. म्हणून तिघांची टोळी केली. एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने शेड, तिसऱ्याने वाघिणी मोजायच्या. (तिसऱ्याची मोजणी रोज वेगळी येते, तो भाग निराळा.) दीड महिन्यात वहीत 14 नावं जमली. भिंतीवरच्या नकाशात त्या जागी टाचण्या टोचल्या आणि प्रत्येक टाचणीपासून आमच्या गावापर्यंत लोकरीचा धागा ओढला. नकाशा आता कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो.

इंजिनावर कधी पूर्ण नावाऐवजी नुसती दोनतीन इंग्रजी अक्षरं असतात. तिथं डोकं लावावं लागतं. 'बी आर सी' म्हणजे वडोदरा. आता वडोदऱ्यात बी कुठून आला? शहराचं जुनं नाव बडोदा, त्यातून. 'बी झेड ए' म्हणजे विजयवाडा, कारण त्याला पूर्वी बेझवाडा म्हणत. शहरांनी नावं बदलली, पण रेल्वेच्या अक्षरांत जुनी नावं तशीच राहून गेली. 'यू बी एल' कुठलं असेल? कर्नाटकात शोधा.

दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडल्यासारखं एखादं लांबलचक धूड दिसलं आणि नंबर 60 पासून सुरू होत असेल, तर ते डब्ल्यूएजी-12. ते बिहारमधल्या मधेपुऱ्याच्या कारखान्यात तयार होतं आणि एकटं 12,000 अश्वशक्तीचं असतं. 2020 सालापासून ही इंजिनं मालगाड्या ओढतात. त्यांच्या माहेरांत उत्तर प्रदेशातलं सहारनपूर आणि आपलं नागपूर येतं. नावातल्या अक्षरांचाही अर्थ आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं आणि जी म्हणजे गुड्स, मालाचं. जी च्या जागी पी असेल तर ते प्रवासी गाडीचं इंजिन.

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक शब्द. मुलांना इंजिनं बघू द्या, पण बंद फाटकाच्या बाहेर उभं राहून किंवा फलाटावर मागे सरकून. रुळांच्या कडेने चालणं, मोबाईल घेऊन पुढे वाकणं अजिबात नको. विजेची इंजिनं वाटतात त्यापेक्षा फार कमी आवाज करत येतात, आणि भरलेली मालगाडी ब्रेक दाबल्या दाबल्या थांबत नाही. आमच्या वहीचा पहिला नियमच आहे: फाटकाला हात लावला, तो त्या दिवशी टोळीतून बाद.

आता राहिला तो मुलगा. ही सगळी नावं त्याला कशी माहीत, हे मी त्याला बरेच दिवसांनी विचारलं. तेव्हा कळलं, की त्याचे वडील मालगाडीचे लोको पायलट आहेत, भुसावळला. हा इथं आजीकडे राहतो. इंजिन भारतभर फिरतं, पण चालवणारा माणूस आपल्या ठरावीक टापूतलाच असतो. कुठे चढ आहे, कुठे उतार, कुठला सिग्नल वळणाआड लपलाय, हे त्याला आधी त्या मार्गावर फिरून शिकावं लागतं, तेव्हाच गाडी हातात मिळते. म्हणून इंजिन बोंडामुंड्याचं असलं तरी खिडकीतला माणूस भुसावळचा असतो. मालगाडीला वेळ नाही, तशी त्यांच्या कामालाही नाही. कधी रात्री दोनला बोलावणं येतं, कधी भर दुपारी. आमच्या गावावरून ते कितीदा तरी जातात, पण मालगाडी इथं कशाला थांबेल?

"मी आधी खिडकी बघतो बाई," तो म्हणाला. "मग नाव वाचतो."

फाटकाच्या अलीकडे रुळाशेजारी एक पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं असतं. सीटी, फाटक. ती पाटी आली की प्रत्येक लोको पायलटला शिटी वाजवावीच लागते. "सगळेच वाजवतात," तो सांगत होता, "पण बाबा जरा लांब वाजवतात." खरंखोटं मला ठाऊक नाही. पण आता वर्गात शिकवताना लांबून शिटी ऐकू आली, की माझाही खडू थांबतो.

परवा मंगळवारी तो पुन्हा उशिरा आला. मी हजेरीवरून मान वर न करताच विचारलं, "कुठलं?"

"लालागुडा, बाई. सिकंदराबादचं."

"आणि खिडकीत?"

"दुसरेच होते," म्हणाला, आणि वहीत नंबर लिहायला बसला.