बोट ठेवून दाखवा, कुठं दुखतं

आमच्या घरात एकाच वर्षी दोन गुडघे बदलले. माझा उजवा आणि जाऊबाईंचा डावा. ओतूरच्या शिवारात आम्ही दोघींनी तीस वर्षं एकाच वाफ्यात उकिडवं बसून कांद्याची रोपं लावली. मी शाळेच्या सुट्टीत, त्यांनी रोज. तरीही माझ्या गुडघ्याचा एकच कप्पा बदलला आणि त्यांचा सबंध गुडघा. गावात अजून विचारतात, "बाई, तुम्ही अर्ध्यावरच का थांबलात?" जणू पैसेच कमी पडले.

या 'अर्ध्या' शब्दानं फार घोळ केलाय. गुडघ्याचे कप्पे तीन: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. झीज एकाच कप्प्यात असेल तर तेवढ्याच जागी धातू आणि मध्ये प्लास्टिकची चकती बसवतात. बाकीचे कप्पे आणि मधले लिगामेंट आपलेच राहतात. ही काही नवी टूम नाही. ऑक्सफर्डचे सर्जन जॉन गुडफेलो आणि अभियंते जॉन ओ'कॉनर यांनी १९७० च्या दशकात यातला एक सांधा घडवायला घेतला. आपल्याकडे गुडघेबदल घराघरांत कळला तो अटलबिहारी वाजपेयींमुळे. २००० साली एक आणि २००१ साली दुसरा, दोन्ही गुडघे डॉ. चित्तरंजन राणावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले. ते पूर्ण गुडघे होते, आणि बदलायचा तर सगळाच, हे तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलं.

आळेफाट्यापासून मंचरपर्यंत गुडघेदुखीच्या शिबिरांचे फलक दिसतात. अशाच एका शिबिरात मला टेबलावर आडवं करून एक्स-रे काढला. दोन मिनिटांत निकाल मिळाला: "गॅप गेलाय, दोन्ही गुडघे पूर्ण बदलू." तारीखही दिली. गुडघ्याला कुणी हात लावला नव्हता.

मुलीनं हट्टानं पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं." मी आतल्या कडेवर बोट ठेवलं. मग उभं करून एक्स-रे काढला, कारण अंगाचं वजन पडल्याशिवाय खरी झीज दिसत नाही. नंतर त्यांनी शिशाचा जड एप्रन चढवला, माझा गुडघा जरासा वाकवून पोटरी बाहेरच्या बाजूला रेटून धरली आणि तशीच एक फिल्म काढायला लावली. फिल्मवर त्यांनी पेन टेकवलं. आतली मिटलेली फट उघडली होती, म्हणजे पायाचा बाक सुटत होता. बाहेरच्या बाजूची गादी दाब पडूनही शाबूत होती. पुढचा लिगामेंट ओढून पाहिला, तोही घट्ट. पाय जवळजवळ सरळ होत होता. एवढं जुळलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला एका कप्प्यावर भागेल."

जाऊबाईंना मात्र दुखण्याची जागा विचारली तर त्यांनी सगळा पंजाच गुडघ्यावर ठेवला. सकाळी त्यांच्या बोटांच्या मुठी वळत नाहीत. त्यांना आमवात आहे. तो सांध्याचं सगळं अस्तरच धरतो, आज एक कप्पा बदलला तरी उद्या दुसरा जाणार. त्यांना पूर्ण गुडघाच योग्य होता. त्यांच्याकडे बोट दाखवून कुणी 'बाईंसारखा अर्धा करा' म्हणालं असतं तर त्यांचं नुकसान झालं असतं.

अर्ध्याची भलामण मला करायची नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली ५२८ ब्रिटिश रुग्णांची पाच वर्षांची पाहणी आली. एका कप्प्याचे आणि पूर्ण गुडघ्याचे रुग्ण चालण्या-फिरण्यात सारखेच निघाले. एका कप्प्यानंतर माणूस लवकर उठतो, जंतुसंसर्गाचा धोका कमी. पण पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण त्यात जास्त आहे, आणि जो सर्जन वर्षाकाठी असे मोजकेच गुडघे करतो त्याच्या हातून अधिक. म्हणून "डॉक्टर, तुम्ही वर्षाला असे किती करता?" हे मी विचारलं. ते रागावले नाहीत. उलट, आत उघडल्यावर लिगामेंट किंवा दुसरा कप्पा खराब दिसला तर पूर्ण गुडघा बसवावा लागेल, याची संमती त्यांनी आधीच लिहून घेतली.

वजनाचंही असंच. अमेरिकेतल्या दोन सर्जननी १९८९ साली साठीपुढचं वय आणि ८२ किलोच्या आतलं वजन ही अट सांगितली होती. पुढच्या अनुभवानं ती सैल झाली, तरी आपल्याकडे बायकांना वजनावरूनच वाटेला लावतात.

माझं मागणं साधं आहे. शिबिर भरवणाऱ्यांनी आडव्या एक्स-रेवर शस्त्रक्रियेची तारीख देऊ नये. छातीचा एक्स-रे माणसाला उभं करूनच काढतात ना? मग गुडघ्यासाठी त्याला चार इंचांच्या पाटावर उभं करायला कितीसा खर्च येतो? किमतीचा बाऊही नको. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये. हॉस्पिटलच्या बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

आता बराखीत कांदा निवडायला आम्ही दोघी स्टुलावर बसतो. उकिडवं बसायचं नाही, हे दोघींनाही सारखंच सांगितलंय. माझा डावा गुडघा हल्ली जिना उतरताना दुखतो, आणि या वेळी वाटीमागं. उजव्यासारखाच निघेल असं मी धरून चाललेली नाही. मंगळवारी पुण्याला जाऊन उभ्यानं एक्स-रे काढायचा आहे.