मुलीचा फोन काढून घेणं हा उपचार नव्हे

‘मोबाईलचं व्यसन’ हे शब्द हल्ली आपल्या बैठकांमध्ये फार ऐकू येतात. आया काळजीने बोलतात, प्राध्यापक वैतागून बोलतात. पण या शब्दांचा दंड कुणाच्या पाठीवर पडतो ते जरा पाहू या. मुलगा रात्री दोनपर्यंत फोन बघत बसला तर ‘ऐकतच नाही हो’ म्हणून घर गप्प बसतं. मुलगी बसली तर फोन जातो, मग कॉलेज जातं आणि पाठोपाठ स्थळं बघायला सुरुवात होते.

नाशिकमध्ये कॉलेजच्या मुलींबरोबर मी काही वर्षं गटचर्चा घेते आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतून आलेल्या, वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्या मुली त्यात बऱ्याच असतात. त्रास त्या स्वतःच सांगतात. झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत हात फोनकडे जातो. टाकलेल्या फोटोला कुणी ‘लाईक’ दिलं नाही तर दिवसभर काही सुचत नाही. चेहरा उजळ करून दाखवणाऱ्या फिल्टरची एवढी सवय होते की आरशातलं आपलं सावळं तोंड नकोसं वाटतं. गोऱ्या रंगाविरुद्ध आपण इतकी वर्षं बोललो, तोच रंग आता मुलींच्या खिशात जाऊन बसला आहे.

हा त्रास मुलींच्या मनाच्या दुबळेपणातून येत नाही. पडद्यावरचं पान कधी संपूच नये, बोट सरकवत राहावं, ही रचना २००६ साली एझा रास्किन या तंत्रज्ञाने तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. जेवणारी ‘पुरे’ म्हणायच्या आत वाढणारा आणखी वाढतो आहे, ताट रिकामं होतच नाही, असा हा प्रकार. आपण जितका वेळ बघू तितकी जाहिरातींची कमाई, हा त्यामागचा हिशेब. २०२१ साली फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटल्याचं सांगितलं होतं. कंपनीला हे ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्हिडिओ गेमच्या अतिरेकाची नोंद आहे, समाजमाध्यमांची वेगळी नोंद नाही. म्हणूनही ‘व्यसनी’ हा शिक्का मारताना जपून असावं, असं मला वाटतं.

आणि मुली फोनला एवढ्या का चिकटतात? संध्याकाळी कॉलेज रोडवर चक्कर मारून या. चहाच्या टपरीपाशी, गाडीवर रेलून, घोळक्याने उभी असतात ती मुख्यतः मुलं. त्या वेळी मुली वसतिगृहाच्या फाटकाच्या आत असतात, नाहीतर घरी पोळ्या लाटत असतात. मैत्रिणींशी बोलायला, भांडायला, कुणी आवडलं तर ते सांगायला त्यांच्यापाशी हातातला तो एकच चौकोन उरतो. बाहेरचा कट्टा दिला नाही, म्हणून आतला कट्टा धरला.

फोन जाण्याची ही भीतीच मुलींचा सगळ्यात मोठा घात करते. ओळखीचा मुलगा फोटोंवरून धमकावतो, पैसे मागतो, ‘भेटायला ये’ म्हणतो. हा सरळसरळ गुन्हा आहे. मुलीने नको म्हटल्यावरही ऑनलाईन पाठलाग करत राहणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतं. पण घरी सांगितलं तर आधी आपलाच फोन आणि शिक्षण जाणार, हे मुलीला पक्कं माहीत असतं. मग ती गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यावरच धमकावणाऱ्याचं फावतं. रात्र-रात्र जागणारी मुलगी दर वेळी रील्सच बघत असते असं नाही.

२०१९ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या बारा गावांत ठाकोर समाजाच्या पुढाऱ्यांनी अविवाहित मुलींनी मोबाईल बाळगू नये असा ठराव केला. त्याच बैठकीत आंतरजातीय लग्नांवर दंडही ठरला. दोन्ही ठराव एकाच दमात का झाले, हे आपल्या वाचक मैत्रिणींना समजावून सांगायची गरज नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. एवढ्या उशिरा उघडलेलं दार कुणी व्यसनाच्या नावाखाली पुन्हा लावत असेल तर आपण आडवं यायला हवं.

याउलट सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, घरोघरी. ही कल्पना पुरुषांनी आधी हसण्यावारी नेली होती. मग गावातल्या बायकांना बोलावलं. आपणही मालिका फार बघतो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि होकार दिला. भोंगा सगळ्या गावाला होता, बापालाही आणि लेकालाही. (त्या दीड तासात स्वयंपाक कोण करत होतं, हा माझा खवचट प्रश्न आहेच.)

पण शहरातल्या कॉलेजात भोंगा कोण वाजवणार? तिथे हवं ऐकून घेणारं माणूस. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणममधल्या वसतिगृहात राहणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडायचे आहेत. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. मधल्या काळात १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लागायला काहीच हरकत नसावी. तिथे मराठीतून बोलता येतं.

या सत्रात आमचा गट नाशिकच्या कॉलेजांना तीन साधे प्रश्न लेखी विचारणार आहे. समुपदेशक नेमली आहे का? ती आठवड्यात किती तास बसते? आणि तिच्या खोलीकडे जाताना मुलीला प्राचार्यांच्या केबिनसमोरून जावं लागतं का? तुमच्या गावच्या कॉलेजांनाही विचारा, आणि आलेली उत्तरं आमच्याकडे पाठवा. न आलेल्या उत्तरांचीही यादी करू.