मागची सीट

बॉस, हप्त्यांवर घेतलेली हॅचबॅक कितीही चकाचक असू दे, कार म्हटलं की मला नवापूरच्या अंगणातली आजोबांची पांढरी कॉन्टेसाच आठवते. मागची सीट म्हणजे चक्क सोफा! आम्ही पाच भावंडं त्यात मावायचो. गल्लीतल्या प्रत्येक नवरदेवाला हीच गाडी लागायची.

‘गाडी विलायती आहे,’ आजोबा सांगायचे. आम्हाला थापा वाटायच्या. पण खरंच, मूळची ती ब्रिटनची व्हॉक्सॉल. १९८४मध्ये हिंदुस्तान मोटर्सने ती इथे आणली, कॉन्टेसा म्हणून. सुरुवातीला इंजिन मात्र ॲम्बॅसॅडरचं, दीड लिटरचं. म्हणजे आमच्या नवापूर स्टेशनसारखंच, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये! एवढं धूड त्या इंजिनाला ओढवेना. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा कुठे ती पळायला लागली. २००२मध्ये तिचं उत्पादनच थांबलं.

मागच्या दिवाळीत आमची कॉन्टेसा भंगारात गेली. आजोबा दारापर्यंतही आले नाहीत. किल्ली अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते.

परवा त्यांना माझ्या गाडीतून सुरतला नेलं. मागे बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘बेटा, पाय कुठे ठेवू?’