संगणकाचा मालक कोण?

सरकारी संगणकावर माणसाचं नाव मालक म्हणून नोंदवू नये. नोंदवायचंच तर पदाचं नोंदवावं.

विंडोजच्या कुठल्याही संगणकावर ‘रन’ उघडून ‘विनव्हर’ टाइप करा. जी छोटी खिडकी उघडते, तिच्या तळाशी हे सॉफ्टवेअर कोणाच्या नावे आहे ते दिसतं. आमच्याकडे अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो, संगणक युनिटातच राहतो. त्यामुळे तेजपूर असो की जैसलमेर, त्या ओळीत बरेचदा केव्हाच बदलून गेलेला अधिकारी भेटतो. कधी तर त्याचा खासगी ईमेल पत्ताच तिथे असतो, कारण मशीन पहिल्यांदा सुरू करताना त्याने स्वतःचं खातं वापरलेलं असतं.

मग नवा साहेब येतो. तो ‘रेजएडिट’ उघडतो, एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन असा जिना उतरतो, ‘रजिस्टर्ड ओनर’वर दोनदा क्लिक करतो आणि आपलं नाव ठोकतो. झाला मालक!

बदललं काय? फक्त एक ओळ. परवाना त्या ओळीवर चालतच नाही. तो प्रॉडक्ट कीला, मशीनला किंवा संस्थेच्या कराराला बांधलेला असतो. आधीच्याचं लॉगिन तसंच, सी ड्राइव्हवरचं त्याच्या नावाचं फोल्डर तसंच, वर्डच्या फायलींवर लेखक म्हणून त्याचं नावही तसंच. दारावरची पाटी बदलली, किल्ली जुन्याच्याच खिशात राहिली. आणि याला आपण चार्ज घेणं म्हणतो!

कोतातल्या रायफलवर जवानाचं नाव नसतं, नंबर असतो. ती कोणाकडे आहे हे रजिस्टर सांगतं. हुकमावर सही माणूस करतो, पण सहीखाली पद असतं आणि हुकूम चालतो तो त्या पदामुळे. मग संगणकालाच वेगळा न्याय का?

काही जण म्हणतील, एवढ्याशा ओळीवरून रामायण कशाला? कारण सवय तिथूनच लागते. आज पाटी बदलून समाधान मानणारा उद्या सामान न मोजता लेजरवर सही करतो.

तेव्हा त्या ओळीत ‘ॲडज्युटंट’ किंवा ‘क्वार्टरमास्टर’ लिहा, शेजारच्या ‘रजिस्टर्ड ऑर्गनायझेशन’मध्ये कार्यालय लिहा, आणि पुन्हा हात लावू नका. हे काम संगणक सांभाळणाऱ्यानेच करावं. रजिस्ट्रीत चुकीच्या जागी बोट पडलं तर मशीन बसतं. त्याआधी त्या भागाची प्रत एक्सपोर्ट करून ठेवावी. बदली झाली की कामाच्या फायली ताब्यात घ्याव्यात, जुनं खातं बंद करावं, पासवर्ड बदलावेत आणि हे सगळं हँडिंग-टेकिंगच्या कागदावर लिहावं.

निवृत्त मंडळींनी घरच्या लॅपटॉपवर खुशाल आपलं नाव घालावं, तो त्यांचाच आहे. मात्र तो पुतण्याला देताना किंवा विकताना नाव बदलून भागत नाही. आपल्या फायली काढून घ्या आणि सगळं पुसणारा ‘रिसेट’ करा, नाहीतर पेन्शनचे कागद आणि बँकेचे पासवर्डही नव्या मालकाच्या घरी जातील.