कोतल घोड्याचा विसर

लग्नसराईत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारगावात संध्याकाळी उभे राहावे, वरातीचा घोडा दिसतोच. नवरदेव चढतो, त्याच्या पुढ्यात हौसेने भाचा बसवतात, खाली जरीचे जड खोगीर असते आणि समोर बँडबाजा. त्या जनावराच्या पाठीवर किती भार पडला, हे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते : घोडाच आहे तो, त्याला काय होतंय? याच उत्तराची जरा शिकलेली आवृत्तीही ऐकू येते. आमच्या दख्खनच्या घोड्यांनी ढालतलवारीसकट स्वार घेऊन दिवसाला वीस-वीस कोस मजल मारली. त्यांच्या वंशजांना एका जड माणसाचे काय ओझे? पहिले उत्तर निव्वळ बेफिकिरीचे आहे. दुसरे इतिहासाच्या नावाने दिले जाते, म्हणून त्याचा समाचार आधी घेतला पाहिजे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. स्वार, खोगीर, लगाम आणि वरचे सगळे सामान मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या एकपंचमांशाहून जास्त भार त्याच्या पाठीवर असू नये. जनावर रोड, कोवळे, म्हातारे किंवा उन्हात राबणारे असेल, तर याहूनही बराच कमी असावा. आणि दख्खनचा इतिहास नीट वाचला, तर तो याच बाजूने साक्ष देतो.

नगरपासून जवळच भातवडी आहे. १६२४ साली तिथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना एकदम धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल केला, त्याची रसद तोडली आणि हलक्या मराठी घोडदळाकडून त्याला रात्रंदिवस सतावले. जडावलेली फौज चिखलात रुतली आणि हलकी फौज तिच्याभोवती फिरत राहिली, इथेच लढाईचा निकाल लागला. पुढे ज्याला आपण गनिमी कावा म्हणू लागलो त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे : लहान चणीचे काटक तट्टू, अंगापिंडाने सडपातळ स्वार, साधे खोगीर, दाण्याची पिशवी आणि हत्यार. डेरेदांडे नाहीत, लोखंडी चिलखतांचे थर नाहीत. ज्या अहिल्यादेवींचे नाव आता जिल्ह्याला मिळाले आहे, त्यांचे सासरे मल्हारराव होळकर याच परंपरेतले. पानिपताच्या मोहिमेत बुणगे आणि जड सामान मागे ठेवून सडे पुढे जावे, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही आणि पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा वीस कोसांची मजल हा घोड्यावर वाटेल तेवढे लादण्याचा परवाना ठरत नाही. कमी लादले होते म्हणूनच ती मजल गाठता आली.

याची साक्ष भाषेतही आहे. कोतल हा शब्द आज फक्त मिरवणुकीतल्या रिकाम्या, सजवलेल्या घोड्यापुरता उरला. स्वाराबरोबर मोकळा चालवायचा जादा घोडा तो कोतल. चढलेला घोडा दमला की स्वार कोतलावर बसे आणि दमलेल्याची पाठ मोकळी होई. मोगलांच्या मनसबदारीतले ‘दु-अस्पा’, ‘सि-अस्पा’ हे शब्दही दोन घोड्यांच्या, तीन घोड्यांच्या स्वारावरूनच आले. घोड्यावर ज्यांचा जीव अवलंबून होता, त्या लोकांनी एका स्वाराला एकच पाठ पुरेल असे धरले नव्हते. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, असे त्यात बजावले आहे. ज्या राज्यात घोड्याच्या वैरणीचा महिन्या-महिन्याचा हिशेब होता, त्याचा दाखला बेहिशेबी ओझ्यासाठी द्यावा, हा त्या राज्यावर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप टांग्याचा. एक घोडा टांग्यात चार-पाच माणसे ओढतो, मग पाठीवर एक माणूस का जड व्हावा? इथे ओढणे आणि वाहणे यांची गल्लत होते. टांग्यात माणसांचा भार चाके आणि आस पेलतात. घोड्याला मुख्यतः गाडी पुढे नेण्याचा जोर लावायचा असतो. पाठीवर बसलेल्या माणसाचा सगळा भार मात्र थेट कण्यावर आणि तिथून चार पायांवर जातो. घोड्याला गळ्याचे हाड नसते. त्याचे धड दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते, आणि नुसता उभा असतानाही सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तो दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक पावलाला एकेका पुढच्या पायावर त्याच्या सबंध वजनाहून थोडा जास्त दाब येतो. भरधाव सुटला तर हा दाब दुप्पट-अडीचपट होतो. स्वाराचा भार प्रत्येक टापेला या हिशेबात मिसळतो. शिवाय पाठीच्या कण्यातले वाढीचे भाग पुरते जुळून यायला घोड्याला पाच-सहा वर्षे लागतात. दोन-अडीच वर्षांचे शिंगरू अंगाने भरलेले दिसले, तरी त्याची पाठ कच्चीच असते.

एकपंचमांश हा आकडा आला कुठून, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. २००८ साली अमेरिकेतल्या ओहायोत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ घोड्यांना त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन चालवले. १५ आणि २० टक्क्यांना फारसा फरक पडला नाही. २५ टक्क्यांना हृदयाचे ठोके चढे राहिले आणि ३० टक्क्यांना स्नायूंचा ताठरपणा व दुखरेपणा स्पष्ट झाला. आठ घोडे म्हणजे फार नव्हेत, हे मान्य. पण नंतर इंग्लंडमध्ये सहा घोड्यांवर हलके, मध्यम, जड आणि अतिजड असे चार स्वार बसवून पाहिले, तेव्हा जड आणि अतिजड स्वारांच्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण घोडे लंगडू लागले. त्यातला ‘जड’ स्वार तर २० टक्क्यांच्याही आतला होता. खोगीर त्याच्या मापाचे नव्हते हे एक कारण असू शकेल. मोठ्या माणसाला लहान खोगीर दिले की तो मागे सरकतो आणि भार कण्याच्या कमकुवत भागावर जातो. यावरून मी एवढेच म्हणतो, की वीस टक्के ही शेवटची मर्यादा आहे. रोज तिथपर्यंत जायला हरकत नाही, असा तिचा अर्थ कोणी काढू नये.

याच्या उलट पुरावाही आहे आणि तो झाकून वाद जिंकण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात शंभर मैलांची टेव्हिस चषक नावाची अवघड शर्यत होते. १९९५ आणि १९९६ साली तिथल्या घोड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा स्वाराच्या वजनावरून घोडा शर्यत पुरी करील की नाही हे सांगता येईना. घोड्याच्या अंगावर मांस किती, यावर मात्र ते पुष्कळसे ठरत होते. जपानी आणि आइसलँडी जातींवरच्या अभ्यासांतूनही ही आखूड पाठीची, जाड नळीची ठेंगणी घोडी वीस टक्क्यांहून जास्त भार पेलतात असे दिसले. मग आपले भीमथडी तट्टू का पेलणार नाही? प्रश्न योग्य आहे. भीमेच्या खोऱ्यातल्या या जातीला अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिच्या पाठीची ताकदही शास्त्रशुद्ध मोजली जावी. पण मोजण्याआधीच निकाल आपल्या सोयीचा धरून चालता येणार नाही. टेव्हिसच्या घोड्यांना वर्षानुवर्षे सराव दिलेला असतो, टप्प्याटप्प्याला पशुवैद्य तपासतात आणि शंका आली की बाहेर काढतात. आणि तो अभ्यास जे सांगतो ते आमच्या विरुद्ध पक्षाला मुळीच सोयीचे नाही. अंगावर मांस नसलेला घोडा हरतो, असे तो सांगतो. बरगड्या मोजता येतील असे भाड्याचे तट्टू दिवसाला वीस फेऱ्या मारते, तेव्हा त्याच्यासाठी मर्यादा खाली आणायची की वर न्यायची?

कायद्याचा आधार घेणारेही आहेत. भारवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलो, गाढवाच्या ५० किलो अशा मर्यादा घातल्या आहेत. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर राबवू नये, हेही त्यात आहे. नियम चांगले आहेत आणि पाळले गेले तर पुष्कळ जनावरांचे हाल वाचतील. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बारा पस्तीसच्या मुहूर्तावर घोडा उभा करणाऱ्यांनी तर ते जरूर वाचावेत. पण ७० किलो हा सरसकट आकडा जनावराचा आकार पाहत नाही. आकार पाहायला शिंप्याकडची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि येईल त्याला ११,८८० ने भागावे. घोड्याचे वजन किलोत मिळते, अंदाजे पण कामापुरते. घेर १४५ आणि लांबी १३० असेल तर तट्टू २३० किलोचे झाले. त्याचा पाचवा हिस्सा ४६ किलो. खोगिराचे आठ किलो वजा केले की स्वारासाठी ३८ किलो उरतात. म्हणजे या तट्टावर शाळकरी मूल बसू शकते, मूल बसवणारा बाप नाही. कायद्याचे ७० किलो याच पाठीवर ठेवले तर ते तिच्या वजनाच्या तीस टक्क्यांवर जातात.

“जड झालं असतं तर घोडा थांबला असता,” हे वाक्य तर नेहमीचे. घोडा हे शिकार होणारे जनावर. कळपात लंगडणारा आधी मारला जातो, म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच असते. त्यात तोंडात कडी आणि शेजारी चाबूकवाला. त्याच्याकडून तक्रार येण्याची वाट पाहू नये, त्याची पाठ वाचावी. खोगीर उतरवल्यावर पाठीवर घामाचा ओला ठसा दिसतो. तो दोन्ही बाजूंना सारखा ओला असला तर भार बरा बसला. ओल्या ठशाच्या मध्येच हाताच्या तळव्याएवढा कोरडा डाग राहिला, तर तिथे दाब इतका होता की घामही फुटू शकला नाही. मानेच्या मुळाशी, उंचवट्याच्या दोन्ही अंगांना काळ्या किंवा तांबड्या घोड्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके असतात. हौशी लोक त्यांना शुभलक्षण समजून हात लावतात. बहुतेकदा ती जुन्या जखमांची खूण असते. खोगिराने त्वचा मेली आणि वर केस पांढरे उगवले. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटे दाबत नेली आणि जनावर कंबर खाली टाकू लागले, कान मागे नेऊ लागले, तर त्याने तक्रार केली आहे, ऐकणारा हवा.

ज्यांचा पैसा घोड्यावर लागलेला असतो ते वजनाकडे कसे पाहतात, हेही बघण्यासारखे आहे. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या मैदानावर शर्यतीचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोचा असतो आणि त्याच्यावर खोगिरासकट पन्नास ते साठ किलो भार असतो, म्हणजे वजनाचा आठवा हिस्सा, फार तर त्याहून थोडा जास्त. शर्यतीआधी आणि नंतर जॉकीला खोगीर घेऊन काट्यावर उभे करतात, कमी पडले तर शिशाच्या पट्ट्या घालतात, आणि अर्ध्या किलोच्या फरकाने घोडा पुढे राहील की मागे याचा हिशेब करतात. एवढ्या धिप्पाड जनावराला अर्धा किलो जाणवतो हे ज्यांना पटते, त्यांना आपल्या तट्टाला वरचे चाळीस किलो जाणवत नसतील असे कसे वाटावे?

राहिला पोटाचा प्रश्न, आणि तोच सगळ्यांत खरा. जड माणसाला नाही म्हटले तर घोडेवाल्याचा दिवस बुडतो. पण घोडेवाल्याचे भांडवल म्हणजे ती पाठच असते. दुखावलेल्या पाठीचा घोडा आठवडेच्या आठवडे उभा राहतो आणि दाणा मात्र खातो. पारनेर-संगमनेरकडच्या मेंढपाळांनी हे कधीचे ओळखले आहे. धनगरांचा वाडा चालताना घोडीवर बिऱ्हाड असते, भांडी, घोंगड्या, कोंबड्या, दोन-चार कोकरे, कधी एखादे तान्हे मूल; पण बिऱ्हाडाचे धडधाकट लोक तिच्या बाजूने पायी चालतात. दोन्ही अंगांना ओझे तोलून बांधतात आणि मुक्कामाला सर्वांत आधी तिची पाठ मोकळी करतात. यात्रेच्या, सहलीच्या आणि लग्नाच्या धंद्यात हीच रीत आणायला फार खर्च नाही. भाड्याच्या दराबरोबर स्वाराच्या वजनाची मर्यादा पाटीवर लिहावी, जड माणसासाठी मोठा घोडा नाहीतर बग्गी ठेवावी, नवरदेवापुढे मूल बसवणे बंद करावे आणि वरात लांबली तर नवरदेवाने अर्धी वाट चालावी. वजनाचा अंदाज लागत नसेल तर या जिल्ह्यात काट्यांची वानवा नाही. प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात भुईकाटा आहे आणि उसाची एकही मोळी त्यावर चढल्याशिवाय आत जात नाही. हंगाम संपला की मेमध्ये ते काटे मोकळे असतात, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच भरात असते.